विमानाच्या शेपटावर दोन तांबड्या रेघा

वेरूळ-अजिंठा न बघता संभाजीनगरहून परतणारी माणसं दोनच प्रकारची असतात. एक, पाहुण्यांच्या लग्नाला गेलेली, आणि दुसरी मी. चिपळूणला परत आल्यावर शेजारणींनी विचारलं, "कैलास लेणं कसं वाटलं हो?" मी म्हटलं, "बघितलं नाही. मी एका शाळेच्या पटांगणातलं विमान बघायला गेले होते. तेही सगळं नव्हे, त्याचं शेपूट." त्यावर सगळ्याजणींनी आमच्या ह्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला वर्षानुवर्षं ओळखीची आहे. बिचारा माणूस हिच्याशी संसार कसा करतो, असा तिचा अर्थ असतो.

खरं तर हा नाद मला त्या बिचाऱ्या माणसामुळेच लागला. हे हवाई दलात विमानं दुरुस्त करणाऱ्यांपैकी. जोधपूर, तेजपूर, बरेली असं आमचं बिऱ्हाड फिरत राहिलं आणि जिथं जाऊ तिथल्या शाळेत मी चित्रकला शिकवत राहिले. लढाऊ विमानांच्या प्रत्येक तुकडीची स्वतःची निशाणी असते. कुणाचा पक्षी, कुणाचं हत्यार, कुणाचा विषारी प्राणी. ती विमानाच्या नाकाशी किंवा शेपटावर काढतात. तुकडीचा मोठा वर्धापनदिन आला की एखादं शेपूट खास रंगवतात. अशाच एका वेळी कुणाच्या तरी लक्षात आलं की ह्यांच्या बायकोचा हात चांगला आहे. मला शिडीवर चढवलं आणि मी एक आख्खं शेपूट रंगवून खाली उतरले. त्या दिवसापासून मी कुठलंही विमान तोंडाकडून बघत नाही.

पण माझं खरं प्रेम सरकारी निशाण्यांवर नाही. माणसं स्वतःसाठी विमानावर जे काढतात, त्यावर आहे. चाकाजवळ कुणी छोटीशी कोंबडी काढून ठेवलेली असते, कुणी नाकावर दोन डोळे काढतो, कुणी काचेखाली लेकीचं नाव लिहितो. त्याचा हुकूम नसतो आणि बहुतेक वेळा ते कुणी पुसतही नाही. अशा चित्रांच्या नकला मी कितीतरी वर्षं जमवते आहे. माझ्यासारख्या वेड्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात मला 'शेपटीवाल्या काकू' म्हणतात आणि मला त्याचा अभिमान आहे.

त्या ग्रुपवर एक फोटो आला. वैजापूरच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एक गाव, तिथली शाळा, पटांगणात चबुतऱ्यावर हवाई दलानं निवृत्त केलेलं जुनं एकआसनी जेट. त्याच्या करड्या शेपटावर दोन तिरक्या तांबड्या रेघा आणि त्यांच्याखाली एक निळा ठिपका. कुणालाच ओळखू येईना. मी फोटो मोठा करून पाहिला. कडा फुटलेल्या, रंग ओघळलेला. मी ग्रुपवर लिहिलं, "हे ब्रशनं काढलेलं नाही, चिंधीनं काढलेलं आहे. लढाईच्या धामधुमीत, सरहद्दीजवळच्या धावपट्टीवर, घाईघाईनं. ही कुणातरी वैमानिकाची खासगी खूण आहे आणि आजवर तिची नोंद कुणीच केलेली नाही." ग्रुपमध्ये वाहवा झाली. मी ती सगळी घेतली.

त्याच आठवड्यात त्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा, सोनवणे सरांचा, फोन आला; माझा नंबर त्यांना ग्रुपवरच्याच कुणीतरी दिला होता. सव्वीस जानेवारीला हवाई दलातले मोठे साहेब येणार होते, त्याआधी विमानाला नवा रंग द्यायचा होता. मूळ निशाणी कुठली ते मी येऊन सांगावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं बोलणं संपायच्या आत मी बॅग काढली होती.

संभाजीनगर

शहरात एकच रात्र होते. स्टेशनवर रिक्षावाल्याशी ओळख झाली ती त्याच्याच उत्सुकतेमुळे.

"कहां जाना अम्मा? एलोरा?"

"आज लॉजवर. उद्या लासूर स्टेशन, तिथून पुढं एका गावी. शाळेतलं विमान बघायला."

"स्कूल में हवाई जहाज?" त्यानं रिक्षा हळू केली. "उडता क्या?"

"नाही."

"तो फिर देखना कायकु?"

मग त्यानंच माझी कीव करून मला नान-खलिया खायला नेलं. "ये देखो, फिर बोलो," म्हणाला. मऊ, हळदीच्या रंगाचं जाड नान आणि मटणाचा झणझणीत खलिया, वर बोटभर तांबडी तर्री. आम्ही मासे खाणारी माणसं. मटण आमच्याकडे शिमग्याला नाहीतर जावई आल्यावर. पण मी दुसऱ्यांदा खलिया मागून घेतला आणि त्या नादात पदरावर असा काही ओघळ पडला की तो अजून निघालेला नाही. रिक्षावाला माझ्यासाठी बाहेर थांबला होता. पदराकडे बघून म्हणाला, "हौ अम्मा, अब इधर की लगती तुम."

लासूरच्या पुढे

लासूर स्टेशनला सोनवणे सर छोटा टेम्पो घेऊन आले होते. चाळिशीचे, शांत, स्वेटर घातलेले. मागे रंगाचे डबे, पुढे आम्ही दोघं आणि ड्रायव्हर. जानेवारीतली थंडी अशी कोरडी की बोलताना ओठ ताणतात. आमच्या कोकणात थंडीलाही ओल असते आणि दहा पावलांवर काहीतरी आडवं येतं. झाड, घाटी, नाहीतर नातेवाईक. इथं नजर सुटली की सुटलीच. कापसाच्या पळाट्या उभ्या होत्या, त्यांना वेचणीतून सुटलेले पांढरे पुंजके चिकटले होते. मधेच कांद्याचा हिरवागार वाफा, मधेच दाणा भरत आलेली ज्वारी. इतकं मोकळं आकाश मी फक्त धावपट्टीवर पाहिलं होतं, आणि मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

सरांनी वाटेत समजावून सांगितलं. विमान दादासाहेबांनी खटपट करून आणलं. दादासाहेब म्हणजे शाळेच्या समितीचे अध्यक्ष, गावातले मोठे बागायतदार, वैजापूरच्या मार्केट यार्डात त्यांची कांद्याची आडत. स्वभावानं दिलदार, पण शेवटचा शब्द त्यांचा. "मॅडम, तुम्ही निशाणी सांगा, ते रंगवून घेतील. फक्त त्यांना नाही ऐकायची सवय नाही," सर म्हणाले.

"माझं सगळं आयुष्य नाही म्हणण्यात गेलंय, काळजी करू नका," मी म्हटलं.

शेपूट

विमान छान होतं. चबुतऱ्यावर आडवं उभं, एक अंग फाटकाकडे, दुसरं डोंगराकडे. चबुतऱ्याच्या मागे कुंपणाची तार, तारेपलीकडे गायरान आणि त्यापलीकडे उघडा डोंगर. शेपटाच्या दोन्ही बाजूंना तिरंग्याची छोटी चौकट आणि डोंगराकडून येताना जी बाजू दिसते, तिथं माझ्या त्या दोन तांबड्या रेघा.

शिडी लावून घेतली आणि चढले. सर खाली शिडी धरून आणि देवाचं नाव घेऊन उभे. मी नखानं एका रेघेची कड खरवडली. खाली करडा रंग निघाला. करड्याखाली अस्तर आणि अस्तराखाली नुसता पत्रा, घासून गुळगुळीत केलेला. आता हे ज्याला कळतं त्याला एका क्षणात कळतं. विमान शाळेला देण्याआधी त्याची जुनी तुकडीची खूण पार घासून काढली होती. मग त्याला सरसकट करडा रंग दिला होता. आणि माझ्या रेघा त्या करड्या रंगाच्या वर होत्या. म्हणजे विमान ह्या चबुतऱ्यावर आल्यानंतरच्या. सरहद्द नाही, धावपट्टी नाही, धामधूम नाही.

मी अजून मनातल्या मनात काहीतरी पळवाट शोधत होते, तेवढ्यात मागून घंटांचा किणकिणाट आला. वळून पाहिलं. गायरानातून मेंढरांचा कळप येत होता. शिडीवरून मला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या, आणि प्रत्येक पाठीवर, शेपटाच्या जरा वर, दोन तिरक्या तांबड्या रेघा आणि खाली निळा ठिपका. एकाही मेंढरावर चुकलेली नव्हती.

कळपामागे एक म्हातारी होती. काटक, काळी, डोईवर पदर, खांद्यावर घोंगडी, हातात तिच्याहून लांब काठी. तारेशी येऊन ती थांबली.

"ए बाई, खरवडायलीस कामून? दिवाळीलाच लावलंय ते."

"तुम्ही लावलंत?"

"मंग काय इमानानं सोताच्या हातानं लावलं?"

"एवढ्या वर कसं पोचलात?"

तिनं काठी वर केली. टोकाला चिंधीचा बोळा बांधायची जागा होती. "मेंढरू काय थांबतंय व्हय रंग लावायला? लांबूनच डाग द्यायचा ऱ्हातो. हे तर बरं, लाथ बी मारीत नाय."

तर चिंधीचं माझं बरोबर होतं. बाकी सगळं चूक. खाली उतरल्यावर सरांनी ओशाळं हसत सांगितलं की ही ठकूबाई, पूर्वीपासून गायरानात मेंढरं चारते, आणि विमानावर तिची खूण आहे हे गावात पोराटोरांनाही माहीत आहे. "मग मला फोनवर का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "तुम्ही इतक्या खुशीत बोलत होतात," सर म्हणाले.

मी ह्यांना फोन लावला. हे इतका वेळ हसले की शेवटी मीच ठेवला.

हुरडा आणि वाघ

दुपारी दादासाहेबांच्या शेतात हुरडा होता. शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणसं भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची आणि हिरवे दाणे लसणाच्या चटणीशी खायचे. आमच्याकडे पोपटी करतात, तिला मडकं लागतं, पाला लागतो, सगळा थाट लागतो. इथं नुसता जाळ आणि तळहात. माझे तळहात भाजले, दादासाहेबांनी स्वतः चोळून माझ्या ताटलीत दाणे टाकले आणि मी खाऊन होईपर्यंत कामाचं काढलं नाही. माणूस मला आवडला, हे आधीच सांगून टाकते.

मग त्यांनी फोन पुढं केला. पडद्यावर डरकाळी फोडणारा वाघ होता, दात विचकलेला, मागे ज्वाळा. "शहरातल्या फ्लेक्सवाल्यानं करून दिला. शेपटाला चिकटवायचा. कसा वाटतो?"

"दादासाहेब, ह्या विमानाला वाघ कधी होता का?"

"नव्हता, तर आता व्हईल."

"नाही व्हायचा. न लढलेल्या लढाईचं पदक छातीवर लावून मिरवण्यातला प्रकार आहे. तुमचे साहेब ते बघून हसतील आणि मी तर इथूनच हसते आहे."

त्यांनी फोन खिशात टाकला. नाही ऐकायची सवय नव्हती, हे खरंच होतं. "मंग मूळची खूण सांगा. त्याच्यासाठीच बोलावलंय तुम्हाला."

मी खरं ते सांगितलं. ती घासून टाकलेली आहे, कुठली होती ते शेपटावरून कळण्यासारखं नाही आणि अंदाजानं मी काढणार नाही. ते म्हणाले, मग कोरं ठेवू, पण ते धनगराच्या मेंढराचं तेवढं पुसू, साहेबांसमोर बरं दिसत नाही. मी म्हटलं, ठेवा कोरं. तेव्हा मला त्यात काहीच गैर वाटलं नाही. माझा शोध बुडाला होता आणि मी फुरंगटले होते.

मेंढवाडा

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी शेपूट घासायला लागले. मला तिथं काम नव्हतं. चिंधीनं एवढी नेमकी रेघ कशी मारतात ते तरी बघून यावं, म्हणून मी तारेखालून निघून ठकूबाईकडे गेले. तारेखालून निघताना पदर अडकला तो वेगळाच. डोंगराच्या कडेला काट्याचं कुंपण घातलेला तिचा मेंढवाडा आणि त्याला लागून पत्र्याची खोली. तिनं मला बाजरीची भाकर आणि मेंढीच्या दुधाचा चहा दिला. चहा असा दाट की त्याचंही जेवण झालं.

रंगाची वाटी तिनं दाखवली. पितळेची, आत कितीतरी वर्षांच्या रंगाचे थर. ही खूण तिच्या घराण्याची. कळपात कळप मिसळले तरी ह्या खुणेचं मेंढरू कुणी अडवत नाही, आणि ही खूण दुसरा कुणी लावत नाही. वाटी घरच्या बाईकडे. सासूच्या सासूनं सासूला दिली, सासूनं तिला.

"म्हणजे पुढं सुनेला," मी म्हटलं.

ती चुलीत काटकी सारत राहिली. मग म्हणाली, "सुनेला वाटी द्यायची तर मेंढरू पायजे ना बाई. उद्या टेम्पो यायलाय. इकली सगळी."

तिचा एकुलता मुलगा म्हाळू बिडकीनला कारखान्यात लागला होता, सूनही तिथंच काम करत होती. दोन खोल्या घेतल्या होत्या, आई तिथं यावी म्हणून मागे लागले होते. गायरान आटत चाललेलं, डोंगरावर चढायला गुडघे नाही म्हणतात. "पोरगं वाईट नाय माजं," ती दोनदा म्हणाली. "लई जीव लावतो. बरोबरच हाय त्याचं."

"मग?"

"मग काय. यापारी नेतो, लोकर कातरतो आन आपला हिरवा डाग देतो. उद्या सांजच्याला माजी खूण कुटंच ऱ्हात नाय." तिनं हात झटकले आणि शाळेकडं बोट केलं. "इक्री ठरणार ते दिवाळीतच कळलं व्हतं. म्हणून त्याला लावली. ते कुणी इकायचं नाय. आन कापायचं बी नाय."

मला रडू आलं. आणि मला रडू आलं की मी चिडते. मी तिथून उठले ती चपला घालायचंही भान नव्हतं, काटा लागला तेव्हा परत फिरून घातल्या. आयुष्यभर मी म्हणत आले की हुकमाच्या निशाण्यांपेक्षा माणसानं स्वतःहून काढलेली खूण मोठी. पाकिस्तानच्या सरहद्दीवरची असती तर तिच्यावर लेख लिहिला असता. मेंढरांच्या कळपातली निघाली म्हणून मी 'ठेवा कोरं' म्हणून मोकळी झाले होते.

ऑफिसात

दादासाहेब सरांच्या ऑफिसात चहा पीत होते. खिडकीतून दिसत होतं की रंगाऱ्यांनी रेघा घासून काढल्या होत्या आणि नवा करडा हात चालू होता. मी बसले नाही.

"दादासाहेब, मी काल चुकीचा सल्ला दिला. शेपूट कोरं ठेवायचं नाही. ह्या विमानाला ह्या गावात आल्यापासून एकच खरी खूण मिळालीय, ती ठकूबाईची. रंग वाळला की ती परत काढायची."

"मॅडम, तुम्ही हुशार आहात, पण हे व्हायचं नाय. मेंढराचा डाग इमानावर? साहेब काय म्हणतील? लोक म्हणतील, दादासाहेबांनी इमान आणलं आन धनगरानं डागलं."

मी जमवलेल्या नकलांची फाईल पिशवीतून काढून त्यांच्यासमोर टाकली. कोंबडी दाखवली. दारूची बाटली दाखवली. एका वैमानिकानं काढलेलं डुक्कर दाखवलं. लेकीचं नाव दाखवलं, कुत्र्याचं नाव दाखवलं. दादासाहेब पानं उलटत राहिले. "कोंबडी?" ते म्हणाले. "लढाईच्या इमानावर?"

"कोंबडी. आणि ते विमान जाऊन आलंय लढाईला. जिथं विमान असतं तिथली, त्याची राखण करणारी माणसं आपली खूण लावतात. जगभर लावतात. तुमच्या विमानाभोवती पावसाळ्यात कमरेएवढं गवत वाढतं ते कुणाची मेंढरं खातात, सरांना विचारा."

"तीच खातात," सर म्हणाले. ह्या सगळ्यात ते पहिल्यांदाच बोलले.

बाहेर त्यांचा ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या नाकाडावर, कंपनीच्या नावाच्या वर, मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'माईंचा आशीर्वाद'. मी खिडकीतून तिकडं बोट केलं.

"माई कोण?"

"आमच्या मातोश्री. वारल्या."

"ट्रॅक्टरवर नाव लिहिताना कंपनीला विचारलं होतं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "आईचं नाव लिव्हायला इचारायचं काय त्यात?"

"ठकूबाईची खूण तिच्या सासूची आहे. तिच्या सासूच्या सासूची आहे. उद्या तिची मेंढरं जातायत. तिच्याकडे नाव लिहायला ट्रॅक्टर नाही, दादासाहेब."

मग दादासाहेब उठले, टोपी घातली आणि दाराशी जाऊन म्हणाले, "फाटकाच्या बाजूनं नको. साहेब फाटकातून येतेत. डोंगराच्या बाजूनं काय ती काढा." आणि वळून पुन्हा, "मेंढरं इकली व्हय तिनं? मला कुणी बोललं नाय." ते खरंच हिरमुसले होते.

साहेब आले तेव्हा मी तिथं नव्हते, पण सरांनी फोनवर सगळं सांगितलं. साहेबांनी विमानाला फेरी मारली, मागच्या बाजूला थबकले आणि हे कुणाचं म्हणून विचारलं. तेव्हा दादासाहेब छाती काढून पुढं झाले. "आमच्या गावची खासगी निशाणी हाय साहेब. परंपरा हाय जगाची," असं म्हणाले म्हणे. वाक्य माझंच, पण मी ते त्यांना देऊन टाकलं आहे.

शेवटचा दिवस

सकाळी मी माझे चांगले ब्रश, चिकटपट्टी, मोजपट्टी घेऊन शेपटाशी उभी होते. ठकूबाई आली. मी म्हटलं, मावशी, मी अगदी सरळ रेघा मारून देते, वर्षानुवर्षं राहतील. तिनं माझ्या ब्रशांकडे पाहिलं.

"सरळ नको. सरळ असली की चोरीचं वाटतं. हातची दिसली पायजे."

मग तिनंच वाटीत रंग कालवला. तांबडा रंग रंगाऱ्यांच्या डब्यातला; निळा तिच्या घरचा, वेगळ्या डबीत. काठीला चिंधी बांधली, पदर खोचला, पाय रोवले आणि लांबूनच एक फटकारा मारला. मग दुसरा. मग चिंधी बदलून एक निळा ठिपका. एकही डाग दुरुस्त केला नाही. खालच्या कडेनं रंग जरा ओघळला आणि तो तसाच राहू दिला. इतकी शेपटं रंगवताना पाहिली, पण कुणी इतक्या थोडक्यात रंगवलेलं पाहिलं नव्हतं. रंगारी टाळ्या वाजवणार होते, तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी हात मागे घेतले. उरलेला रंग आणि वाटी तिनं पदराखाली धरली.

टेम्पो दुपारी आला. म्हाळू त्याच्याबरोबरच आला, गोरटेला, कंपनीचा निळा शर्ट घातलेला, आईच्या डोळ्याला डोळा न भिडवणारा. मेंढरं चढायला तयार नव्हती. व्यापाऱ्याच्या माणसानं पुढचं मेंढरू ओढायला घेतलं, तेव्हा ठकूबाई म्हणाली, "वढू नको. थांब." ती स्वतः फळीवरून टेम्पोत चढली आणि तोंडानं तिचा तो एक आवाज केला. कळप तिच्यामागे निमूट चढला. मग ती एकटी त्यांच्यातून वाट काढत खाली उतरली आणि फळी आपल्या हातानं लावून घेतली. मी मेंढवाड्याच्या कडेला खाली बसले. म्हाळू माझ्या शेजारी येऊन बसला. "मावशी, मी चुकलो का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "नाही रे. पण बरोबर असलं तरी दुखतंच." याहून शहाणपणाचं काही मला सुचलं नाही.

टेम्पो गेल्यावर ती मेंढवाडा झाडायला लागली. उद्या बिडकीनला जायचं आहे, कशाला झाडतेस, असं म्हाळू म्हणाला. तिनं सगळा झाडला. काट्याचं दार लावलं. संध्याकाळ झाली, डोंगराची सावली शाळेपर्यंत पोचली. सोनवणे सरांचा टेम्पो मला न्यायला येणार होता, तोवर म्हाळूनं चुलीवर भाकरी केल्या, येसराची आमटी केली, तीन ताटल्या मांडल्या.

"आये, ये जेवायला."

ती आली नाही. दाराशी काठी टेकून उभी होती. म्हाळू मला हळूच म्हणाला की ती तशीच राहणार. संध्याकाळी मेंढरं आत घेतली की मोजायची, मोजणी पुरी झाली की जेवायचं. ती ह्या घरात आल्यापासून एकदाही त्याशिवाय जेवलेली नाही. तापानं फणफणलेली असतानाही उठून मोजायची. "आता काय मोजल?" तो म्हणाला आणि भाकरीवरून हात काढून बसला. मीही हात आखडला.

ठकूबाई रिकाम्या मेंढवाड्याकडे बघत होती. मग तिनं काठी उचलली, शाळेकडे वळली आणि डोळ्यांवर हात धरून अंधारत चाललेल्या पटांगणाकडे पाहिलं. करडं शेपूट अजून दिसत होतं. तिनं बोट वर केलं.

"एक," ती म्हणाली.

मग आत आली, हात धुतले आणि माझी ताटली माझ्याकडे सरकवली. "खा बाई. भरलं माप."